चूक लेखनिकाची की पंडितांची?

अलेक्झांडरच्या मॅसिडोनियन पायदळाला ‘पेझेतैरोई’ म्हणत. म्हणजे पायी लढणारे सोबती. परंतु इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्याच्या स्वाऱ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या आरियनच्या ग्रंथात काही पलटणींसाठी ‘अस्थेतैरोई’ असा निराळाच शब्द सहा ठिकाणी आढळतो. त्यातले ‘सोबती’ ओळखू येतात. आरंभीच्या ‘अस्थ्’चा मात्र उलगडा होत नाही.

अनेक संपादकांनी यावर सोपा तोडगा काढला. लेखनिकाचा हात चुकला असे ठरवून त्यांनी तेथे परिचित शब्द बसविला. हिशेब जुळेना म्हणून आकडाच खोडावा, त्यातला हा प्रकार! वस्तुतः नक्कल करणारा अनोळखी शब्द ओळखीचा करून टाकतो. ओळखीचा शब्द सहा-सहा वेळा तोच अनोळखी कसा करील? शिवाय एके ठिकाणी दोन्ही शब्द शेजारी शेजारीच आले आहेत. 1973 मध्ये ए. बी. बॉसवर्थ यांनी हस्तलिखितांतील पाठाची बाजू साधार मांडली, तेव्हा कोठे या शब्दाला न्याय मिळाला.

अर्थाचे कोडे मात्र सुटले नाही. ‘अस्तु’ म्हणजे नगर; तेव्हा हे ‘नगरवासी सोबती’ असावेत, असे एक मत. पण ज्या कोइनसच्या पलटणीला आरियन हे नाव देतो, ती एलिमिया या डोंगराळ मुलखातली. कोणी ‘उत्तम सोबती’ असा अर्थ लावतो. बॉसवर्थ ‘सर्वांत निकटचे, आप्तवत् सोबती’ असा लावतात आणि हा मान वरच्या, डोंगराळ मॅसिडोनियातील पलटणींचा होता असे मानतात. हेच अधिक पटते. ही डोंगरी राज्ये फिलिपने नुकतीच आपल्या अमलाखाली आणली होती. तेथल्या माणसांना ‘आप्त’ म्हणण्यास खजिन्यातून काही काढावे लागत नव्हते.

आणि असे नाव सैनिकाला पोकळ वाटत नसे. इ. स. पूर्व 324 मध्ये ओपिस येथे अलेक्झांडरने इराणी तुकड्यांना ही मॅसिडोनियन नावे देऊ केली, त्यांत ‘अस्थेतैरोई’ही होते. ते ऐकताच पंजाबपर्यंत चालून आलेले ते जुने शिपाई राजवाड्याकडे धावले आणि त्यांनी आपली शस्त्रे दारापुढे टाकून दिली.