‘पुढे न्या’ एवढेच पुरेसे नाही

15 जून 2025, रविवार. तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास माणसे जखमी झाली. जखमींना परिसरातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत हलवण्यात आले. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच होते, कारण पन्नास जखमी एकाच दारात आले तर कोणाकडेच नीट लक्ष देता येत नाही. पण अशा वेळी डॉक्टरांपुढचा प्रश्न आणि नातेवाइकांपुढचा प्रश्न वेगळा असतो. आधी कोणाला तपासायचे, हे डॉक्टर पाहत असतो. नातेवाइकाला एवढेच हवे असते, की माझा माणूस कुठे आहे? या प्रश्नाचे उत्तर देणे हे नेमके कोणाचे काम, हे मी नोकरी केलेल्या एकाही रुग्णालयात लिहिलेले पाहिले नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, 30 जून 2024 ला, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यातून पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. शोध पुढचे दोन दिवस चालला, पण त्या प्रसंगाची चित्रफीत काही तासांत मोबाइलवर फिरत होती. आता बातमी अधिकाऱ्याची वाट पाहत नाही. रुग्णालयाचा प्रमुख गप्प राहिला, तर त्याच्या वतीने फाटकावरचा कोणीही बोलतो.

बोलणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, हे आपल्या वैद्यकीय शिक्षणाने उशिरा मान्य केले. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा ‘ॲटकॉम’ नावाचा भाग आला. म्हणजे आज नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरला रुग्णाशी कसे बोलावे याचे थोडेफार धडे मिळालेले असतात. त्याचा वैद्यकीय अधीक्षक मात्र नव्वदच्या दशकात शिकलेला, माझ्यासारखा. प्रमुख म्हणून माझ्या वाट्याला प्रशिक्षणे पुष्कळ आली: औषध खरेदी, लेखे, माहिती अधिकार, जैववैद्यकीय कचरा. माणसांशी बोलण्याचे एकही नाही.

त्याची किंमत काय असते, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत, दुसऱ्या एका जिल्ह्यात पाहिले. रात्री एका शेतकऱ्याला छातीत दुखते म्हणून आणले. झटका आहे हे दिसत होते आणि आमच्याकडे त्यावर फार काही नव्हते. प्राथमिक उपचार करून मी चिठ्ठी लिहिली आणि मुलाला म्हणालो, “इथे सोय नाही, पुढे न्या.” त्यांनी त्याला घरी नेले. ‘सोय नाही’चा अर्थ त्यांनी ‘आता काही होणार नाही’ असा घेतला होता. सकाळी तो गेल्याचे कळले. माझी चिठ्ठी बिनचूक होती. मी आजार काय तो सांगितला नव्हता. मोठ्या दवाखान्यात काय होऊ शकते, गाडी कुठून मिळेल, तिथे कोणाला भेटायचे, हेही नाही.

आज 108 ची रुग्णवाहिका आहे, तेव्हा नव्हती. पण आंदर मावळातल्या एखाद्या वाडीवरून आलेल्या बाईला पिंपरीचे वायसीएम किंवा पुण्याचे ससून अजूनही परमुलखासारखेच वाटते. तिला ‘पुढे न्या’ हे वाक्य पुरत नाही. आणि हे कसे सांगायचे, हे रात्रपाळीच्या डॉक्टरच्या स्वभावावर सोडता येणार नाही. ते रुग्णालयाच्या प्रमुखाने ठरवून द्यायचे आणि आधी स्वतः शिकायचे.

संवाद प्रशिक्षण म्हटले की आमच्यातले बरेच जण हसतात, गोड बोलण्याचा क्लास समजतात. प्रत्यक्षात ती कार्यपद्धती आहे. रुग्णाची सद्यस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि काय हवे, या चार टप्प्यांत निरोप देण्याची ‘एसबार’ ही रीत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. रात्री दोन वाजता सिस्टर अधीक्षकांना फोन करते, तेव्हा ‘पेशंट बरा वाटत नाही, सर’ यापेक्षा ही रीत कामाची. अर्थात तिने फोन करायला हवा. मागच्या वेळी साहेब फोनवर कसे बोलले होते, त्यावर ते ठरते. वाईट बातमी सांगण्याची ‘स्पाइक्स’ ही सहा पायऱ्यांची पद्धतही 2000 सालापासून छापून आलेली आहे. तिची पहिली पायरी म्हणजे आडोशाची जागा शोधून बसणे. मी असा सराव पहिल्यांदा केला तेव्हा आमच्या वॉर्डातल्या मावशी आईच्या भूमिकेत होत्या. संपल्यावर त्या म्हणाल्या, “साहेब, तुम्ही बसलाच नाहीत.”

सरकारी रुग्णालयांच्या फाटकावर एक पाटी हमखास असते. डॉक्टरांवर हल्ला केल्यास 2010 च्या कायद्यान्वये अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. हा कायदा हवाच. मार्च 2017 मध्ये धुळ्यात एका तरुण निवासी डॉक्टरला झालेली मारहाण आम्ही विसरलेलो नाही आणि कोणत्याही गैरसमजाने तिचे समर्थन होत नाही. पण त्या पाटीखाली उभ्या राहिलेल्या माणसाला शिक्षा कळते, चौकशी कुठे करायची ते कळत नाही.

मावळात पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी काय होऊ शकते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. जखमी हाताळण्याची रंगीत तालीम होते, तेव्हा त्यात खोटे नातेवाईकही असावेत: रडणारे, फक्त हिंदी बोलणारे, मोबाइलवर चित्रण करणारे. प्रवेशद्वाराशी एक टेबल आणि एकच ठरलेला माणूस असावा. बाकीच्या रुग्णालयांशी जुळवलेली नावांची यादी त्याच्यापाशी हवी. दर अर्ध्या तासाने त्याने बोलायचे, नवे काही नसले तरी ‘अजून काही कळलेले नाही, साडेपाचला पुन्हा सांगतो’ एवढे तरी. पत्रकारांशी अधीक्षकांनीच बोलावे आणि नातेवाइकांशी बोलून झाल्यावरच. अर्ध्या दिवसाचे काम आहे. खर्च म्हणाल तर एक टेबल आणि दोन खुर्च्या, त्या भांडारात पडलेल्या असतातच.