आमच्या मुलींना हसू द्या

मुस्लिम स्त्री म्हटली की मराठी लेखक आधी रुमाल काढतो. कथेत तलाक हवा, बुरखा हवा आणि शेवटी हुंदका हवाच. आमच्यातले लिहिणारेही फार वेगळे नाहीत. दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. तलाक, पोटगी, शिक्षण यांचे लढे खरे आहेत आणि अजून संपलेले नाहीत. पण चोवीस तास रडणारी बाई कुणाच्या घरात असते? माझ्या तरी नव्हती. रिश्ता घेऊन आलेले पाहुणे जिना उतरले की अम्मी आणि खाला त्यांची अशी नक्कल करायच्या की हसून हसून पोट दुखायचं. हे हसू मराठी पुस्तकात का येत नाही?

मराठीत मिळत नाही म्हणून आमच्या मुली ते इंग्रजीत शोधतात. आयेशा मलिक यांची 'सोफिया खान इज नॉट ऑब्लाइज्ड' ही कादंबरी २०१५ साली आली. नायिका लंडनची, प्रकाशनसंस्थेत नोकरी करणारी, हिजाब घालणारी. लग्नानंतर सासू-सासऱ्यांच्या शेजारी राहायचं आणि मधल्या भिंतीला ये-जा करायला भोक ठेवायचं, असा होणाऱ्या नवऱ्याचा बेत. ती लग्नच मोडते. हे वाचताना कुठल्याही मोहल्ल्यातली मुलगी हसेल, कारण ते भोक तिने पाहिलेलं आहे. शिवाय इथे हिजाब हा 'प्रश्न' नाही. तो डोक्यावर आहे आणि गोष्ट पुढे चालली आहे.

यावर दोन आक्षेप ठरलेले. बुजुर्ग म्हणतात, हे हलकं वाचन आहे, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला? पुरोगामी मित्र म्हणतात, समाजापुढे एवढे गंभीर प्रश्न असताना विनोद कसला? दोघांनाही बाई गप्प किंवा रडणारी हवी आहे, एवढंच त्यातून कळतं.

रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली 'सुलतानाज् ड्रीम' लिहिली. तिच्यात पुरुष मर्दान्यात कोंडलेले आणि बायका देश चालवतात. वाचताना हसू येतं आणि पडद्याची सगळी व्यवस्था उघडी पडते. याच बाईंनी पुढे मुलींची शाळा काढली. त्यांच्या हसण्याने कुठलं गंभीर काम अडलं?

आणि शेजारच्या कर्नाटकातल्या बानू मुश्ताक. त्या वकील आहेत, स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेल्या. त्यांच्या कथांच्या 'हार्ट लॅम्प' या इंग्रजी अनुवादाला २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला. त्यातल्या एका कथेत बायको आणि आई यांच्या रोजच्या भांडणाला वैतागलेला मुलगा थेट आईचाच निकाह लावायला निघतो! त्या हसवतात म्हणून अन्याय लहान होत नाही, तो करणारा लहान होतो.

लंडनच्या कादंबऱ्यांचीही मर्यादा आहे. मालेगावच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाची, बी.एड. झालेली मुलगी तिथे सापडणार नाही. तेव्हा नक्कल नको. आपलं लिहा. 'उच्चशिक्षित पण घरेलू' मुलगी मागणारा बायोडाटा लिहा. ईदची सुट्टी विसरणारा आणि बिर्याणीचा डबा न विसरणारा ऑफिसातला साहेब लिहा. पुण्यात फ्लॅट बघताना 'जागा रिकामी आहे' म्हणणारा आणि नाव ऐकताच 'आत्ताच गेली' म्हणणारा एजंट लिहा. त्यावर रडून झालं आहे, आता त्याचं हसं करा.

ज्याची फक्त कीव येते त्याच्या वतीने दुसरेच बोलतात. आमच्या वतीने टीव्हीवर, विधानसभेत आणि जलशांत पुष्कळ लोक बोलून राहिले आहेत. आता बहिणींनी बोलावं. मराठीत बोलावं, आणि घरात बोलतात तसंच, खळखळून हसत.