आवाज आमचा, तबकडी कुणाची?

रॉक संगीत आणि ग्रामोफोनच्या तबकड्या जमवण्याचा नाद हा विषय आपल्या अंकात कशाला, असं अनेकींना वाटेल. विषय परदेशी, छंद खर्चिक आणि बहुतेक वेळा पुरुषांचा. पुरुषाने घरभर तबकड्या जमवल्या की तो ‘दर्दी’, ‘संग्राहक’. बाईने ट्रंकेत काही जपलं की ती ‘अडगळ’. हा भेद आपल्याला नवा नाही. पण मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. तबकड्यांवरच्या प्रेमातून स्वतः तबकड्या काढू लागलेल्या दोघीजणींबद्दल, आणि त्यांच्याकडून आपण काय घ्यावं याबद्दल.

वॉशिंग्टन शहराला लागून व्हर्जिनिया राज्यात आर्लिंग्टन आहे. तिथे १९९० मध्ये ‘सिंपल मशीन्स’ नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी सुरू झाली. जेनी टूमी आणि क्रिस्टिन थॉमसन या दोघी ती राहत्या घरातून चालवत. दोघी गिटार वाजवत, गात. ‘त्सुनामी’ हा त्यांचा बँड. क्रिस्टिनने अमेरिकेतल्या ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’ या स्त्री-संघटनेत संघटक म्हणूनही काम केलं होतं. रस्ता अगदीच अनोळखी नव्हता. त्याच परिसरात १९८० मध्ये काही तरुण मुलांनी ‘डिस्कॉर्ड’ ही कंपनी काढली होती. मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहायचं नाही, आपलं गाणं आपण काढायचं, ही तिथली रीत होती.

या वर्तुळात सात इंची व्हायनल तबकडीला फार मान. दोन बाजू, दोन-चार गाणी. काही शे प्रती काढता येत, कार्यक्रमाच्या जागी हातोहात किंवा टपालाने विकता येत. घेणारे त्या जपून ठेवत. सिंपल मशीन्सने आपल्या सुरुवातीच्या तबकड्यांना तरफ, कप्पी, चाक, पाचर, स्क्रू अशी साध्या यंत्रांची नावं दिली. १९९३ मध्ये त्यांनी वर्गणीदार करून वर्षभर दर महिन्याला एक तबकडी काढली. आपली त्रैमासिकं वर्गणीवर चालतात, तशीच ही योजना.

पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांचं एक छोटं पुस्तक. स्वतःची तबकडी, कॅसेट वा सीडी कशी काढावी, याची माहिती देणारी ही चोवीस पानी पुस्तिका होती. तबकडी काढायची तर आधी लाखेचा लेप दिलेल्या चकतीवर आवाजाची खाच कोरतात. त्यावरून धातूचा ठसा बनतो. त्या ठशांमध्ये गरम प्लास्टिक दाबून तबकडी निघते. आधी नमुना प्रती ऐकायच्या, मग पुढच्या प्रती काढायच्या. वेष्टण वेगळं छापायचं. यातलं काहीच जादू नाही. मात्र कोणत्या कारखान्यात जायचं, किती पैसे लागतात, कुठे फसवणूक होऊ शकते, हे ठाऊक नसलं की माणूस कंपनीच्या दारातच अडकतो. या दोघींनी ते ज्ञान स्वतःपुरतं ठेवलं नाही. आकडे लिहिले, पुस्तिका सुधारत राहिल्या, मागेल त्याला टपालाने पाठवत राहिल्या. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात ‘सक्षमीकरण’ या शब्दावर मी बरीच पानं लिहिली आहेत. माझ्या मते त्या सगळ्याचा अर्थ या चोवीस पानांत आहे.

बायकांनी तबकडीची मालकी घ्यावी, हा विचार त्यांच्याही आधीचा. १९७३ मध्ये वॉशिंग्टनमध्येच स्त्रीवादी लेस्बियन बायकांच्या एका गटाने ‘ऑलिव्हिया रेकॉर्ड्स’ काढली. गाणाऱ्या बायका, आवाज मुद्रित करणाऱ्या बायका, विक्री सांभाळणाऱ्याही बायका. कारण गाणारी बाई तबकडीत पहिल्यापासून होती. मालक कधी नव्हती. आपल्याकडचंच बघा. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्याला आले, तेव्हा गौहर जान गायल्या. गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. प्रतिष्ठित घरातल्या बायकांनी गाणं ही बदनामीची गोष्ट होती, तेव्हा तवायफ म्हणून हिणवलेल्या बायकांनी या नव्या यंत्रासमोर आवाज टाकला. नाव त्यांचं, आवाज त्यांचा, तबकडी कंपनीची.

आता आपल्या कामाकडे वळते. आमच्या वस्तीतल्या बायका फार सुंदर गातात. काही वर्षांपूर्वी बाहेरून एक मंडळी आली, दोन दिवस गाणी मुद्रित केली, चहा-नाश्ता झाला, फोटो झाले. त्यानंतर त्या गाण्यांची एक प्रतही वस्तीत आली नाही. एक मावशी मला म्हणाल्या, “ताई, आवाज आमचा, मग ते गाणं आमच्या घरात का नाही?” मी कायदा उघडून बघितला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणजे त्याचा निर्माता. मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. गाणाऱ्या बाईला कलावंत म्हणून काही हक्क आहेत. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा सोडायला लावता येऊ नये, अशी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने केली. पण ते मुद्रण मात्र निर्मात्याचं. मग पुढाकार आपणच का घेऊ नये?

काही मैत्रिणी म्हणतील, व्हायनलचं हे खूळ पैसेवाल्यांचं आहे. खरं आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत, १९८७ नंतर पहिल्यांदाच, सीडींपेक्षा तबकड्या जास्त विकल्या गेल्या. साधारण चार कोटी दहा लाख. त्यातलं बरंचसं मोठ्या कंपन्यांनीच कमावलं. शिवाय तबकडी पीव्हीसी या प्लास्टिकची, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने निर्दोष नाही. आपल्या गटांनी तबकड्या काढाव्यात असं मी म्हणतच नाही. तेवढे पैसे कुणाकडे आहेत? पण या छंदाच्या पोटात एक शहाणपण आहे, ते घ्यावं. आवाज ही वस्तू म्हणून हातात असावी, तिच्यावर नाव-गाव-तारीख असावी आणि ती कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसावी. आज आपली गाणी मोबाइलवरून पुढे ढकलली जातात. महिन्याभरात फोन भरतो, गाणी पुसली जातात. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या शिबिरांच्या कॅसेट कपाटात चिकटून बसल्या आहेत. त्या गाण्यांना चाल कुणी लावली, हे सांगणाऱ्या बायकाही थकल्या.

जात्यावरच्या ओव्यांचं काम आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हॅं यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून ‘पारी’वर त्या गाणारणीचं नाव आणि गाव यांसह प्रसिद्ध होत आहेत. हे जपण्याचं काम होऊ शकतं, त्याचा हा पुरावा.

म्हणून प्रत्येक गटाने चार गोष्टी ठरवाव्यात, असं मला वाटतं. गाणी मुद्रित करताना निर्माता म्हणून आपल्या गटाचं नाव लिहायचं, आणि गाणाऱ्या बायकांशी साध्या मराठीत लेखी करार करायचा. बाहेरचं कुणी आलं तर प्रत मिळाल्याशिवाय मुद्रण नाही. प्रत्येक गाण्याची प्रत तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायची, त्यातली एक गाणारीच्या घरात. आणि चौथी गोष्ट, सिंपल मशीन्सची. कुठला स्टुडिओ किती पैसे घेतो, जुनी कॅसेट कोण दुरुस्त करतं, खर्च किती आला, हे सगळं लिहून काढायचं आणि दुसऱ्या गटांना द्यायचं.

सिंपल मशीन्स १९९८ मध्ये थांबली. थकवा सगळ्याच लहान संस्थांना येतो. तरी २०२४ मध्ये त्सुनामीची गाणी पाच तबकड्यांच्या संचात पुन्हा निघाली, कारण ती कुणीतरी नीट जपून ठेवली होती. आपल्या मावशींची गाणी तीस वर्षांनी कुणाला काढावीशी वाटली, तर ती सापडतील का? ज्या गटांनी असं काम केलं आहे, त्यांनी आपला हिशेब आणि अनुभव जरूर कळवावा. चोवीस पानं भरायला फार वेळ लागणार नाही.