चार टाके आणि बारा दिवस

मांजराच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी जागरूक आहे. मांजराने डोळे मिटून दूध कसे प्यावे, शिंके तुटल्यावर बोक्याचे कसे फावते, त्याच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी पुढे का येत नाही, ते आडवे गेले की घराबाहेर पडलेल्या माणसाने किती पावले मागे यावे, या सगळ्याची आपल्या म्हणींनी आणि समजुतींनी चोख व्यवस्था लावून ठेवली आहे. पण त्याच मांजराच्या पोटाला चार टाके पडले, आणि "बारा दिवस टाक्यांना जीभ लागू देऊ नका," असे बजावून डॉक्टरांनी ते टोपलीत घालून आपल्या हवाली केले, की ही एवढी संपन्न भाषा मुकाट्याने आपल्या तोंडाकडे पाहत राहते. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईवर हा प्रसंग यंदाच्या भाद्रपदात, गणपती गेल्यावर, आला.

आमची मनी जातिवंत वगैरे मुळीच नाही. इमारतीच्या पंपाच्या खोलीत एका भाटीने चार पिल्ले घातली, आणि एके दिवशी ती बाहेर गेली ती परत आलीच नाही. सासूबाईंनी चारही पिल्ले वर आणली. डॉक्टरांनी दिलेली दुधाची पूड कालवून, औषधाच्या नळीने, दर तीन तासांनी पाजली. दोन थंडीने गेली. तिसरे जरा मोठे होऊन जिना उतरू लागले आणि मोटारीखाली सापडले. उरली ती मनी.

ती सात-आठ महिन्यांची झाली तेव्हा तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी असे आम्ही ठरवले. सासूबाईंना ते मुळीच रुचले नाही. "मुक्या जनावराचं आईपण काढून घेणारे तुम्ही कोण?" असा त्यांचा रोकडा सवाल होता. ह्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे कागद-पेन्सिल घेतली. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गाभण राहिली की नऊ आठवड्यांत पिल्ले होतात. एका वेताला साधारण चार धरली आणि वर्षातून दोन-तीन वेते धरली, तर... सासूबाईंनी हा सगळा हिशेब शांतपणे ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, "आणि त्यातली जगायची किती?" त्याचे उत्तर ह्यांच्या कागदावर नव्हते. ते सासूबाईंनाच आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपण होऊन टोपलीला ऊन दाखवले आणि तिच्यात जुन्या लुगड्याची घडी घातली.

शस्त्रक्रिया अर्ध्या-पाऊण तासात आटोपली. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते डॉक्टरांचे नसून घरातल्या माणसांचे असते. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितले, ते मी इथे मुद्दाम उतरवून ठेवते. बाहेरून दिसतात ते चार टाके म्हणजे नुसता वरचा पडदा. त्याच्या आत पोटाच्या भिंतीला वेगळे टाके घातलेले असतात. ते आपोआप विरघळतात. वरचे टाके निसटले तर जखमेत जंतू शिरतात. पण जोराच्या उडीने किंवा सततच्या चाटण्याने आतले टाके सुटले, तर आतडे बाहेर येऊ शकते. कातडी नीट जुळून यायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस उडी नको, धावणे नको, आंघोळ नको आणि मुख्य म्हणजे चाटणे नको.

आता मांजराला 'चाटू नकोस' म्हणणे म्हणजे प्राध्यापकाला 'बोलू नका' म्हणण्यासारखेच! मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. आपल्या नखांसारख्याच टणक द्रव्याचे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतील अ‍ॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या संशोधकांनी 2018 साली दाखवून दिले, की या काट्यांची टोके पळीसारखी पोकळ असतात आणि त्यांतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचवली जाते. म्हणजे एकाच अवयवात फणी, खरारा आणि पाण्याची झारी! अंग साफ ठेवायला याहून उत्तम साधन नाही, आणि टाके उसवायलाही नाही. 'जनावर चाटूनच बरे होते' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. परंतु त्या लाळेत जंतूही भरपूर असतात, हे म्हणणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

पहिल्या रात्री मनी आमची मनी नव्हतीच. गुंगी पुरती उतरली नव्हती. बाहुल्या मोठ्या झालेल्या, मागचे पाय एकीकडे नि पुढचे दुसरीकडे. अशा वेळी मांजराला पलंगावर किंवा खुर्चीवर मुळीच ठेवू नये. जमिनीवरच, ऊबदार आणि अंधाऱ्या जागी ठेवावे. शिवणयंत्राची छोटी खोली आम्ही रिकामी केली. उडी मारावीशी वाटेल अशी एकही वस्तू तिथे ठेवली नाही. वाळूचे कण जखमेला चिकटू नयेत म्हणून तिच्या तसराळ्यात वर्तमानपत्राचे तुकडे घातले. आधी थोडे पाणी, मग रात्री नेहमीच्या पाव हिश्शाइतके खाणे. मुलांना दाराशी उभे राहून पाहण्याची परवानगी, उचलून घेण्याची नाही. धाकटीने दारावर 'शांतता राखा' अशी पाटी लावली आणि ती लावताना हातोडी पाच वेळा आपटली.

दुसऱ्या दिवशी गळ्यात कर्णा आला. जनावराने जखम चाटू नये म्हणून गळ्याभोवती बसवायच्या या प्लॅस्टिकच्या शंकूला इंग्रजीत 'एलिझाबेथन कॉलर' असे भारदस्त नाव आहे. इंग्लंडात 1558 ते 1603 पर्यंत पहिली एलिझाबेथ राणी राज्य करीत होती. तिच्या काळातले सरदार आणि त्यांच्या बायका गळ्याभोवती खळ घातलेल्या चुण्यांची भलीमोठी गोल झालर मिरवीत. त्यावरून हे नाव पडले. आमच्या घरात मात्र त्याला कर्णाच म्हणतात, कारण त्यातून मनी ओरडली की आवाज थेट तिसऱ्या मजल्यावर जातो. कर्णा बांधल्याबरोबर ती उलटी चालू लागली. गळ्यातली वस्तू मागे सरकल्याने निघेल, असा तिचा तर्क असावा. मग दाराच्या चौकटीला आपटली, मग भिंतीला, आणि शेवटी आमच्याकडे पाठ करून बसली. या अबोल्याला भिऊन कर्णा काढू नये. दिवसा-दोन दिवसांत मांजर सरावते. गळा आणि पट्टा यांच्यामध्ये आपली दोन बोटे जातील इतपत तो सैल असावा. खाणे खोल वाटीत न देता उथळ बशीत, ती बशी एखाद्या पाटावर ठेवून द्यावे.

इमारतीत बातमी पसरल्यावर उपाय सांगणाऱ्यांची रीघ लागली. एका काकूंनी हळद आणली, दुसऱ्यांनी जंतुनाशकाची बाटली, तिसऱ्यांनी माणसाच्या तापाची अर्धी गोळी. तिन्ही वस्तू मी साभार परत केल्या. हळदीने जखम झाकली जाते आणि खाली काय चालले आहे ते कळत नाही. घरातली पुष्कळशी जंतुनाशके मांजराला विषारी असतात, आणि ते ती चाटणारच. गोळीचे तर बोलायलाच नको. पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेईनाशा होतात, आणि एवढीशी गोळी जीव घेऊ शकते. मांजराच्या दुखण्यावरचे औषध मांजराच्या डॉक्टरांकडूनच घ्यावे. शेजाऱ्यांकडून फक्त वर्तमानपत्रे घ्यावीत. ती तसराळ्याला लागतात.

पाचव्या रात्री व्हायचे ते झाले. दाराच्या कडीत कर्णा अडकवून, ओढून, मनीने आपली मान सोडवून घेतली. सासूबाईंची झोप सावध. रात्री अडीचच्या सुमारास त्यांना कसलीशी खरखर ऐकू आली आणि त्यांनी दिवा लावला. मला उठवले तेव्हा त्यांनी मनीला मांडीवर आडवी धरली होती आणि पदराने तिचे तोंड अडवले होते. चारांपैकी एक टाका नाहीसा झाला होता आणि तेवढ्या जागेत तांदळाच्या दाण्याएवढी फट दिसत होती. आतले टाके शाबूत आहेत की नाहीत, हे कळायला मार्ग नव्हता. त्या रात्री सासूबाई पुन्हा निजल्या नाहीत. मी दोनदा सांगून पाहिले, तेव्हा म्हणाल्या, "तीन गेली गं माझ्या हातातून. हिला नाही जाऊ द्यायची."

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर उभ्या होतो. डॉक्टरांनी बोटांनी पोट चाचपले, आणि आतले टाके जागच्या जागी आहेत असे सांगितले, तेव्हा सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. नेमके कोणाला, ते त्यांनाच ठाऊक. जखम धुऊन एक नवा टाका घातला. बाराचे सोळा दिवस झाले. कर्ण्याच्या जोडीला अंगातही काही घाला, असे डॉक्टरांनी सुचवले.

घरी येताच सासूबाईंनी ट्रंक उघडली. थोरल्याचे झबले अजून जपून ठेवलेले होते. त्याला पायांसाठी चार भोके पाडली, पाठीवर बंद लावले, शेपटाकडची बाजू मोकळी ठेवली. कापड मऊ सुती होते, कुठे काचत नव्हते. दिवसातून दोनदा बंद सोडून जखम पाहायची, झबले ओले झाले असेल तर बदलायचे, हा क्रम ठरला. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी लाली आणि किंचित सूज असणे साहजिक असते. पण सूज वाढू लागली, पू किंवा रक्त आले, वास येऊ लागला, किंवा मांजराने पुरा दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

त्या दिवसांत एक गोष्ट मला नव्याने उमगली. मांजर आपले दुखणे लपवते. ते ओरडत नाही, ते फक्त कमी होत जाते. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. कान बाहेरच्या बाजूला वळलेले आणि चपटे, डोळे किलकिले, नाकाजवळचा भाग ताठर, मिशा सरळ ताणलेल्या, आणि मान खांद्याच्या खाली झुकलेली. या पाच खुणांवरून दुखणे किती आहे ते ठरवायचे. सासूबाईंना मी हे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "हे काय नवीन? तान्ह्या मुलाचं असंच ओळखायचं असतं."

वर्गात मी 'शुश्रूषा' या शब्दाची फोड दर वर्षी सांगते. 'श्रु' म्हणजे ऐकणे; 'शुश्रूषा' म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ मागाहून आला. मुले ते परीक्षेपुरते लिहून घेतात. रात्री अडीच वाजता भिंतीपलीकडची जिभेची खरखर ऐकून जागी झालेली पंचाहत्तर वर्षांची बाई पाहिली, आणि त्या शब्दाला मला दुसरे उदाहरण शोधावे लागणार नाही असे वाटले. सुश्रुतसंहितेत जखमी माणसाची कशी काळजी घ्यावी यावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. घर स्वच्छ असावे, वारा अंगावर येऊ नये, जवळ गोड बोलणारी माणसे असावीत, आणि जखम घासू नये, टोचू नये, खाजवू नये. शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या ग्रंथाने शस्त्र खाली ठेवल्यानंतरच्या दिवसांना एवढी जागा द्यावी, यातच सारे आले.

सोळाव्या दिवशी टाके निघाले. मनीने झबल्यातून सुटका होताच जो अंग चाटण्याचा सपाटा लावला, तो दुपारपर्यंत चालला. आम्ही सगळे तो सोहळा पाहत बसलो होतो. कोणीही तिला 'नको' म्हटले नाही.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा बेत असेल, तर दिवाळीचे दिवस मात्र टाळा. टाके असताना फटाका वाजला तर बिचकलेले मांजर थेट माळ्यावर उडी घेते, आणि मग कर्णाही उपयोगी पडत नाही नि झबलेही. भाऊबीज होऊ द्या, आवाज थांबू द्या, मग डॉक्टरांची वेळ घ्या.

आमचा कर्णा सध्या पहिल्या मजल्यावर आहे. तिथल्या भाटीची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली आहे. तो घेऊन जाताना त्या वहिनींनी झबल्याचे मापही मागितले, आणि सासूबाईंनी कापून, शिवून, नवे दोन नग करून दिले. शेजारच्या इमारतीतूनही विचारणा आली आहे. मांजरीची पिल्ले सात घरे फिरतात असे म्हणतात. आमच्या मनीची पिल्ले काही फिरणार नाहीत. तिचे झबले मात्र आताच तिसऱ्या घरी पोचले आहे.