सिंहगडाला रस्ता आहे!

आमचे भाचेराव परवा म्हणाले, "मामा, लेख लिहायचे कष्ट कशाला घेता? आता यंत्र दोन मिनिटांत लिहून देतं!"

मी म्हटलं, "बाळा, सिंहगडावर डांबरी रस्ता जातो. तरी दर रविवारी पुणेकर आतकरवाडीतून धापा टाकत चढतात, ते काय रस्ता ठाऊक नाही म्हणून?"

"तो व्यायाम हो!"

व्यायामच हवा तर घरचा जिना काय वाईट? २००५ साली एका फ्रेंच वैमानिकानं हेलिकॉप्टर थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं. म्हणून शेर्पांनी दोर गुंडाळले? उलट आता वर रेशनच्या दुकानासारखी रांग लागते! १९९७ साली संगणकानं कास्पारोव्हला हरवलं, तरी २०२४ साली आपला गुकेश जगज्जेता झाला तेव्हा मी शेजाऱ्यांना पेढे वाटलेच.

विजेच्या बिलाचा हिशेब यंत्रानं खुशाल करावा, मी हार घालीन त्याला. पण लिहायला बसल्यावर मला जे सुचतं, ते बसण्याआधी मलाच ठाऊक नसतं. ते कुणाकडून आयतं आणवू? आणि गडावरचं मडक्यातलं दही? तेही यंत्रानंच खायचं?

गुडघे कुरकुरतात, खरं आहे. तरी येत्या रविवारी पहाटे पाचला भाचेरावांचं पांघरूण ओढणार आहे.