मोजणी उंबऱ्यापाशी का थांबते?



या अंकाची जुळवाजुळव चालू असताना मी तालुक्याच्या पुरवठा शाखेत तीन खेपा घातल्या. सोबत आमच्या गटातली एक बाई होती. नवऱ्यानं टाकल्याला सहा वर्षं झालेली, दोन मुलांना घेऊन माहेरी भावाच्या पडवीत राहणारी. तिला स्वतंत्र रेशनकार्ड हवं आहे. कारकुनाचं म्हणणं एकच, "सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा." सासरचे नाव कमी करू देत नाहीत. का देतील? माणशी पाच किलोच्या हिशेबानं तिचं आणि मुलांचं मिळून पंधरा किलो धान्य दरमहा त्या घरात जातं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख ठरवलं, याचं आपण सगळ्यांनी स्वागत केलं होतं. पण त्या घरातली सर्वांत मोठी बाई म्हणजे हिची सासू! कागदावर ही बाई सहा वर्षं पोटभर जेवते आहे.

या खेपांच्या मधल्या काळात मी भलतंच काही वाचत होते. २०२५ च्या नोव्हेंबरात दोहा इथं सामाजिक विकासावरची दुसरी जागतिक परिषद भरली. पहिली १९९५ साली कोपनहेगनला झाली होती. त्या निमित्तानं आमच्या अभ्यासवर्गात प्रश्न निघाला, की अनेक देश एकत्र बसून गरिबी कमी करायचं ठरवतात म्हणजे नेमकं काय करतात? ठराव करतात आणि फोटो काढतात, एवढं आपल्याला माहीत आहे. त्यापुढे काय? याचं बरंच तपशीलवार उत्तर युरोपीय संघाच्या पंचवीस वर्षांच्या अनुभवात सापडतं, म्हणून या खेपेला थोडं तिकडे जाऊन येऊ. (आपल्याकडचे प्रश्न काय कमी आहेत, असं विचारणाऱ्या मैत्रिणींनी जरा धीर धरावा. रेशनकार्ड मी विसरलेले नाही.)

मार्च २००० मध्ये लिस्बनला संघाचे तेव्हाचे पंधरा देश जमले. पेन्शन, भत्ते, घरं हा ज्या त्या देशाचा अधिकार, तो ब्रुसेल्सच्या हाती द्यायला कोणी तयार नव्हतं. मग मधला मार्ग निघाला. उद्दिष्टं सामाईक, आराखडा ज्याचा त्यानं करायचा, पण प्रगती सगळ्यांची एकाच मापानं मोजायची. शिवाय एकमेकांच्या योजना जाऊन पाहायच्या. एक देश आपली योजना मांडतो, बाकीच्यांचे अधिकारी आणि अभ्यासक येऊन तिची चिकित्सा करतात. शिक्षा कसलीच नाही. मागं पडलेल्याला चारचौघांत लाज वाटावी, एवढाच काय तो धाक. पहिले आराखडे २००१ साली आले आणि त्याच वर्षी डिसेंबरात लाकेन इथं मोजणीचे अठरा निर्देशक ठरले.

या कागदपत्रांत गरिबीच्या जोडीला एक शब्द सतत येतो. त्याचं मराठी करायचं तर 'वगळलं जाणं' असं करावं लागेल. रने लनुआर या फ्रेंच अधिकाऱ्याच्या १९७४ च्या पुस्तकापासून तो रूढ झाला असं मानतात. आपल्याला तो कोणी शिकवायला नको. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हाच हा विचार आपल्याकडे राजकारणात आला होता. फरक एवढाच, की आपल्याकडे 'बहिष्कृत' म्हटलं की बहिष्कार घालणाराही समोर उभा राहतो. युरोपच्या कागदांत माणसं वगळली गेलेली असतात, त्यांना वगळणारा मात्र कुठं भेटत नाही.

मग याचा उपयोग झाला का? २०१० साली संघानं पहिल्यांदा आकडा जाहीर केला: २०२० पर्यंत दोन कोटी माणसं गरिबीतून आणि वगळलेपणातून बाहेर काढायची. त्याच सुमाराला आर्थिक संकट आलं. ग्रीसला कर्ज देताना याच संघानं पेन्शन कापा, पगार कापा, सरकारी खर्च आवरा अशा अटी घातल्या. म्हणजे एका टेबलावर गरिबी कमी करण्याचा आराखडा मागायचा आणि शेजारच्या टेबलावर गरिबी वाढेल अशा कागदावर सही घ्यायची. पहिली काही वर्षं आकडा उलट वाढला. पुढं उतरला, तरी दोन कोटींचं उद्दिष्ट हुकलं ते हुकलंच. २०२१ साली पोर्तोला नवं ठरलं: २०३० पर्यंत दीड कोटी, त्यात निदान पन्नास लाख मुलं. २०२४ मध्ये संघाच्या सत्तावीस देशांत सुमारे नऊ कोटी तेहतीस लाख माणसं या धोक्यात होती. शंभरातली एकवीस, आणि बायकांचं प्रमाण पुरुषांहून जास्त.

हे वाचून मी फाईल मिटणारच होते. नुसत्या लाजेवर सरकारं हलत नाहीत, हे आपल्याला मोर्चे काढून काढून कळलेलं आहे. पण त्यांच्या मोजणीच्या तपशिलात शिरले आणि अडकले.

उत्पन्नाची गरिबी ते अशी मोजतात. देशातल्या उत्पन्नाचा मध्य काढायचा. त्याच्या साठ टक्क्यांहून कमी ज्याच्या वाट्याला येतं तो गरिबीच्या धोक्यात. हे 'वाट्याला येणं' सगळं गणितातलं. घराचं एकूण उत्पन्न घ्यायचं, माणसांच्या संख्येनं भागायचं (दुसऱ्या प्रौढाचं आणि मुलांचं वजन कमी धरून), आणि घरात प्रत्येकाला सारखं मिळालं असं समजायचं. नवऱ्याचा पगार भरपूर आणि बायकोच्या हाती दमडी नाही, अशा घरात दोघंही सारखीच सुखवस्तू! एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला दारिद्र्यरेषा शिकवली ती कॅलरीवर, खेड्यात २४०० आणि शहरात २१००. त्या कॅलरी घरात कोणाच्या ताटात पडतात, हे तेव्हा वर्गात कोणी विचारलं नाही. मीही नाही.

स्त्रीवादी अर्थशास्त्रज्ञ बायका हेच वर्षानुवर्षं सांगत होत्या. २०१० साली संघाच्या घरोघरच्या पाहणीत, घरातला पैसा कोणाच्या हाती असतो यावर वेगळे प्रश्न घातले गेले. आणि २०३० च्या उद्दिष्टासाठी अभाव मोजण्याची जी तेरा गोष्टींची नवी यादी धरली, तिच्यातल्या सात घराबद्दल आहेत: घर पुरेसं ऊबदार ठेवता येतं का, अचानक आलेला खर्च पेलतो का, एका दिवसाआड मटण, मासे किंवा त्या तोडीचं शाकाहारी जेवण परवडतं का, वगैरे. उरलेल्या सहा एकेका माणसाला लागू. जुन्या कपड्यांच्या जागी नवे घेता येतात का? पायात नीट बसणारे दोन जोड आहेत का? घरात नव्हे, तुम्हाला, इंटरनेट वापरता येतं का? विरंगुळ्याचं काही नियमित करता येतं का? महिन्यातून एकदा मैत्रिणींबरोबर किंवा नातेवाइकांबरोबर काही खाता-पिता येतं का? आणि, दर आठवड्याला थोडे पैसे स्वतःवर खर्च करता येतात का? या तेरांपैकी सात गोष्टी परवडत नसतील, तर अभाव तीव्र मानायचा.

म्हणजे एकाच घरातल्या नवरा-बायकोची उत्तरं वेगवेगळी निघू शकतात. सत्तावीस देशांच्या सरकारी तक्त्यानं, सहा प्रश्नांपुरता का होईना, उंबरा ओलांडला.

ते सहा प्रश्न मी आमच्या महिन्याच्या बैठकीत मांडले. चपलांच्या प्रश्नावर हशा पिकला. "एक जोड पायात, दुसरा चांभाराकडं, झाले की दोन!" पण स्वतःवर खर्च करण्याच्या प्रश्नाला बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकीनं विचारलं, "स्वतःवर म्हणजे? औषध धरायचं का?" दुसरी म्हणाली, बचतगटाचा हप्ता धरा. तिसरी आमच्यातली बऱ्यापैकी खात्यापित्या घरची, दोन एकर ऊस, दारात मोटारसायकल. ती म्हणाली, "मला माहेरी जायचं तर एस.टी.च्या अर्ध्या तिकिटाचे पैसेही सासऱ्यांकडून मागून घ्यावे लागतात." सरकारी कोणत्याही यादीत ती बाई गरीब ठरणार नाही. ठरावी असंही मी म्हणत नाही. तिची आणि पडवीत राहणाऱ्या बाईची गरिबी एक नव्हे. पण दोघींच्या अडचणीचं मूळ एकाच ठिकाणी आहे, आणि तिथं कुठलाही पाहणी करणारा पोचत नाही.

आता आपल्याकडे येऊ. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी शाश्वत विकासाची उद्दिष्टं मान्य केली. त्यात पुरुष, स्त्रिया आणि मुलं यांच्यातलं दारिद्र्य २०३० पर्यंत निदान निम्म्यावर आणायचं, तेही ज्या त्या देशाच्या व्याख्येनुसार, असं म्हटलं आहे. आपली व्याख्या म्हणजे नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक. २०२३ च्या अहवालात २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात साडेतेरा कोटी लोक गरिबीतून बाहेर आले असं सांगितलं, ते त्यावरूनच. त्याचे बारा निर्देशक आहेत. पोषण, शाळा, वीज, पाणी, संडास, स्वयंपाकाचं इंधन हे सगळं त्यात आहे, बाळंतपणातली काळजीही आहे, ही चांगली गोष्ट. पण शिक्षणाचा निकष पाहा: घरातल्या दहा वर्षांवरच्या एकानं जरी सहा वर्षांचं शिक्षण पुरं केलं असेल, तर सगळं घर शिकलेलं. बँकखात्याचंही तसंच. एकाचं खातं असलं की घराचं झालं. नवरा सातवी, बायको अंगठा, तरी तक्त्यात उणीव नाही.

याहून चीड आणणारी गोष्ट पुढं आहे. हा निर्देशांक ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून काढतात, त्याच पाहणीत काही घरांतल्या बायकांना विचारतात, की जे कसे वापरायचे ते तुम्हीच ठरवू शकता असे पैसे तुमच्याकडे आहेत का? बाजारात, दवाखान्यात एकटीनं जाता येतं का? म्हणजे प्रश्न आपल्याकडे आहे आणि बायकांनी त्याची उत्तरं दिलेली आहेत. ती उत्तरं 'महिला सक्षमीकरणा'च्या प्रकरणात छापली जातात. गरिबी ठरवताना ती कोणी उघडत नाही.

ते प्रकरण गरिबीच्या तक्त्याला जोडा, ही मागणी आपण लावून धरायला हवी असं मला वाटतं. जगापुढं मांडायचा अहवाल दिल्लीत तयार होतो, तेव्हा आपल्याला कोणी बोलावत नाही. युरोपात २००१ पासून ब्रुसेल्सला गरिबीत जगणाऱ्या माणसांच्याच बैठका भरवल्या जातात; देशोदेशीची माणसं येऊन मंत्र्या-अधिकाऱ्यांशी समोरासमोर बोलतात. त्यानं किती फरक पडला यावर तिथल्या संघटनाही वाद घालतात. तो वाद आपल्याला निदान घालायला तरी मिळावा!

तोवर एक करू या. वरचे सहा प्रश्न आपापल्या गटात विचारा. 'परवडतं का' एवढ्यावर थांबू नका, 'कोणाला विचारून' हेही विचारा. जमिनीवाल्या आणि मजूर, सवर्ण आणि दलित, नांदत्या आणि टाकलेल्या अशा सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी नोंदवा, कारण आपल्या गटांतही कोणी ना कोणी यादीबाहेर राहिलेलं असतंच. नावं लिहू नका. उत्तरं पोस्टानं पाठवा, पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.

पुरवठा शाखेत आमची चौथी खेप सोमवारी आहे. या वेळी सोबत गटातल्या नऊजणी येणार आहेत, आणि ती बाई इथंच राहते असा पंचनामा करून घेण्याचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे.