आधी पेनड्राइव्ह तर बघा!

सबमिशनच्या आदल्या रात्री रूममेटच्या लॅपटॉपचं विंडोज उडालं. प्रोजेक्ट रिपोर्ट आतच! म्हटलं, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून फाइल काढू. पण पठ्ठ्या बूटच होईना. मग काय, अख्खी विंग डॉक्टर! एकाने सिक्युअर बूट बंद केलं, दुसऱ्याने लेगसी मोड लावला, तिसरा म्हणाला, "फॉरमॅट मार!" रात्रीचे २ वाजले. कोणी काय बदललं, कोणालाच आठवेना.

शेवटी सगळ्या सेटिंग्ज पूर्ववत केल्या आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर उघडला. आत मीच कॉपी केलेली नुसती आयएसओ फाइल! यूईएफआय शोधतं ती फॅट३२ पार्टिशनमधली, ईएफआय फोल्डरातली बूट फाइल. ती नसेल तर बायोसमध्ये कितीही खटपट करा, व्यर्थ. रूफसने पेनड्राइव्ह नीट बनवला, लॅपटॉप बूट झाला, रिपोर्ट वाचला.

मित्रांनो, ओहमच्या नियमाच्या प्रॅक्टिकलला आपण फक्त व्होल्टेज बदलतो, बाकी कशाला हात लावत नाही, प्रत्येक रीडिंग लिहितो. मग रूमवर आल्यावर ही शिस्त जाते कुठे? माझं स्पष्ट मत आहे : एका वेळी एकच गोष्ट बदला, लिहून ठेवा, आणि 'फॉरमॅट' हा शब्द सगळ्यात शेवटी उच्चारा. बघा पटतंय का!